पेट्रोलची वर्गणी

विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा आधी गाडीकडे बघत नाही. आधी माझ्याकडे बघतो, हा किती फुगवून सांगणार याचा अंदाज घेतो. मीही त्याच्याकडे बघतो, कारण हा किती कापणार ते मला ताडायचं असतं. पश्चिम केनियात, चावाकालीच्या नाक्यावर एकवीस वर्षं माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. आमच्याकडे हातात हत्यार धरणाऱ्या प्रत्येकाला फुंडी म्हणतात, तसं मलाही म्हणतात. जावान लिडोंडे हे माझं नाव फक्त बिलावर छापलेलं आहे. पत्रा ठोकून मी जेवढा थकलो नाही तेवढा या बघाबघीने थकलोय.

कडेनी सिस्टरची प्रोबॉक्स गाडी बघायला ओटियातो आला होता. वीस वर्षांचा ओळखीचा सर्व्हेअर, पोट सुटलेला, तोंडाचा फाटका, पण मनाचा वाईट नाही. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं बाळंतपणं केलेली नर्स. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या सगळ्या रकमेची तिने ही पांढरी गाडी घेतली. लोक हसले तिला. घर बांधायचं सोडून बाईने पत्रा विकत घेतला म्हणाले. पण तिचा नवरा, किसिया मास्तर, त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी किसुमूच्या हॉस्पिटलात चार तास मशीनला लावून रक्त धुवायचं, आणि नाही धुतलं तर माणूस संपला, इतका साधा हिशेब होता. येताना मास्तरांना बसवत नसे. उलट्या व्हायच्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सिस्टर डावीकडची सीट पूर्ण मागे पाडायची, त्यांना आडवं करायची आणि सावकाश गाडी चालवत घरी आणायची. गाडी त्यासाठी होती, आणखी कशासाठीही नव्हती.

फक्त एकदा तिने ती दुसऱ्या कामाला काढली. शेजारच्या आगेसा म्हाताऱ्याचा थोरला भाऊ वारला, माती कैमोसीच्या पलीकडे त्यांच्या जुन्या गावी होती. सिस्टर आगेसाबाबांना घेऊन गेली. बरोबर पिठाच्या गिरणीवाला चांझू आणि चर्चमध्ये गाणाऱ्या विहेंडा आणि तिची जाऊ. परत येताना दिवस मावळत होता. वळणावर उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा, मागे ना दिवा, ना साधं लाल फडकं. गाडीची डावी बाजू ट्रॉलीखाली गेली. चांझूचे दोन दात पडले, बाकी सगळे वाचले. ट्रॅक्टरला विमा नव्हता, मालकाचा पत्ता नव्हता, आणि ट्रॅक्टरही दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हता. पण गाडीचा पूर्ण विमा होता, हप्ता एक दिवस चुकलेला नव्हता. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

"दाराजवळचा पिलर सरळ करायचे पंचेचाळीस हजार?" ओटियातो माझं एस्टिमेट वाचत म्हणाला. "फुंडी, पिलर आहे का चर्चचा मनोरा?"

"मनोरा असता तर पास्टरने केला असता. हा मला करायचाय."

"तीस."

"तीसमध्ये मी पिलरला नुसता हात लावून नमस्कार करीन."

"दरवाजा नवा लिहिलायस. नवा कशाला? जपानी जुना मिळतो."

"जुना लाव, मग सिस्टरने दार उघडलं की तुझ्या अंगावर पडेल."

मी नव्वद लिहितो ते साठ मिळावेत म्हणून. तो चाळीस म्हणतो ते साठ द्यावेत म्हणून. दोघांनाही ठाऊक असतं, तरी ते नाटक दर वेळी पुरं करावं लागतं. शेवटी तीन लाख दहा हजार शिलिंगवर गाडं थांबलं. त्यात काम नीट झालं असतं. सिस्टर बाकावर बसून हे सगळं ऐकत होती.

मग ओटियातोने फॉर्म काढला. गाडीत कोण कोण होतं, ते लिहून घेतलं. "यांनी तुम्हाला पैसे दिले होते का?"

"पेट्रोलला वर्गणी काढली होती," सिस्टर म्हणाली. "मातीला जाताना सगळेच काढतात."

ओटियातोचं पेन थांबलं. "सिस्टर, हे लिहू?"

"जे झालं ते लिहा."

"नाही लिहिलं तर काही बिघडत नाही. शेजारी होते, गाडीत बसले, विषय संपला."

"ओटियातो, मी पोरांच्या जन्माच्या वेळा लिहिल्यात. एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही कधी."

त्याने लिहिलं. मला मनातून तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. तोंडात आलेला घास कुणी असा खाली ठेवतं का, असं वाटलं. पण घात तिच्या खऱ्या बोलण्याने झाला नाही. घात आमच्या बोलण्याने झाला, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे.

पंधरा दिवसांनी कंपनीने नैरोबीहून चौकशीला माणूस पाठवला. क्यालो नावाचा, तिशीतला, बोलायला लोण्याहून मऊ. त्याला चौघांचे जबाब हवे होते. दिवस होता मंगळवार, म्हणजे सिस्टर मास्तरांना घेऊन किसुमूला गेलेली. मी त्याला म्हणू शकलो असतो, उद्या या. म्हणालो नाही. क्लेम लवकर सुटावा, काम लवकर हातात यावं, याची घाई मलाच झाली होती. गॅरेजमागच्या अवोकाडोच्या झाडाखाली मी बाकडी टाकली, सोडा आणला, मांडाझीच्या गोड पुऱ्या तळून आणल्या आणि चौघांना बोलावलं. जणू माझ्याच घरचं कार्य होतं.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. मातीला कोणी काय दिलं ते आमच्यात सगळ्यांसमोर सांगतात. पन्नास देणारा शंभर सांगतो, शंभर देणारा तीनशे सांगतो. ऐकणारे ऐकता ऐकताच निम्मं करून घेतात, कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही. मेलेल्याचा मान राहतो, जिवंताचंही नाक राहतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या जेवत आलोय. नैरोबीच्या माणसाला निम्मं करायची सवय नव्हती. किंवा होती, पण पगार पुरं लिहायचा मिळत होता.

"तुमचे भाऊ फार मोठे माणूस होते म्हणे, बाबा," क्यालो आगेसाबाबांना म्हणाला.

म्हातारा चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याने टोपी सारखी केली. "त्याच्या मातीला तीन गावं लोटली होती."

"मग जाण्यायेण्याचं तुम्हीच बघितलं असेल."

"भाऊ माझा. मी नाही बघणार तर कोण? एक हजार दिले सिस्टरला. नुसते पेट्रोलला."

क्यालोने लिहून घेतलं आणि चांझूकडे वळला. चांझू पडलेल्या दातांच्या जागी जीभ फिरवत गप्प बसला होता. त्या क्षणी मी तोंड बंद ठेवलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती. पण माझी जीभ म्हणजे, उचलली आणि लावली टाळ्याला.

"काय रे चांझू, गप्प का? गिरणीवाला माणूस, पीठ कोंबून बसलास काय तोंडात? म्हाताऱ्याने हजार दिले, तू काय दळणाच्या सुट्ट्या पैशांवर गेलास?"

सगळे हसले. क्यालोसुद्धा हसला. चांझूने मान वर केली.

"मी पण हजारच दिले," तो म्हणाला.

मग विहेंडाने तीनशे सांगितले, आणि जाऊ मागे कशी राहील, तिनेही तीनशे. क्यालोने प्रत्येकाची सही घेतली, बाबांचा अंगठा घेतला, उरलेल्या दोन मांडाझी कागदात बांधून घेतल्या आणि गेला. मी खूश होतो. काम फत्ते झालं, असं मी त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. सिस्टर ते घेऊन गॅरेजला आली, बाकावर बसली आणि मला वाचायला दिलं. खासगी वापरासाठी विमा उतरवलेलं वाहन प्रवासी भाड्याने नेण्यासाठी वापरलं. पेट्रोलचा खर्च बाराशे, प्रवाशांकडून घेतले सव्वीसशे. म्हणजे नफा. सबब क्लेम नामंजूर.

"किती म्हणाले आगेसाबाबा?" तिने विचारलं.

"हजार."

"आणि चांझू?"

"तोही हजार. मीच डिवचलं त्याला."

"चांझूने दोनशे दिले होते. त्या दोघींनी पन्नास पन्नास. बाबांकडे भावाच्या मातीला जायला मटाटूचं भाडंसुद्धा नव्हतं. चार दिवस कोणाला सांगत नव्हते. म्हणून तर मी गाडी काढली, फुंडी."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्राची घडी घातली आणि मास्तरांच्या औषधाची वेळ झाली म्हणून गेली.

तोवर मास्तर मटाटूने जायला लागले होते. चौदा सीटच्या गाडीत वीस माणसं, त्यात मधल्या रांगेत हा माणूस, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. जाताना निभायचं. येताना कंडक्टर त्यांचा चेहरा बघून दारच लावून घ्यायचे. तासतास दोघं स्टँडवर उभी. महिन्याभरात मास्तरांचा एक शुक्रवार चुकला, मग दुसरा. त्यांच्या पायांवर सूज चढलेली मी चर्चमध्ये पाहिली. बूट घालता येत नव्हते, चपला घालून आले होते.

मी सिस्टरला म्हणालो, माझी मजुरी सोडा. ती म्हणाली, आणि पार्ट? पार्टच दोन लाखांचे. माझ्याकडे नव्हते, तिच्याकडे नव्हते. नैरोबीत दाद मागायची सोय आहे म्हणाले, पण त्याला आठ महिने लागतात. मास्तरांचे महिने आठ नव्हते.

मग मला अक्कल सुचली. चौघांनी वकिलासमोर खरं काय ते लिहून द्यायचं. आम्ही मोठेपणासाठी जास्त सांगितलं, खरे आकडे हे. तीनशे जमले, पेट्रोल बाराशेचं, कुठून आला नफा? विहेंडा आणि जाऊ लगेच तयार झाल्या. चांझूने आधी मला माझ्या आईवरून शिवी दिली, मग तोही तयार झाला. राहिला म्हातारा.

मी गेलो तेव्हा आगेसाबाबा अंगणात काटक्या फोडत होते. मी सांगितलं ते त्यांनी पुरं ऐकून घेतलं.

"म्हणजे मेलेल्या भावाला मी काही दिलं नाही, असं लिहून देऊ? वर शिक्का मारून?"

"हो, बाबा."

"वाचणार कोण ते?"

"वकील. त्याची टाइप करणारी बाई. नैरोबीतले."

"आणि तू."

"आणि मी."

त्यांनी आणखी दोन काटक्या फोडल्या. "किसियाने माझी चारही पोरं शिकवली," ते म्हणाले. "थोरल्याला तर मारून मारून शिकवलं." मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं, संपलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते रविवारचा कोट घालून नाक्यावर उभे होते. जिल्ह्याच्या गावी, म्बालेला, वकिलाच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. वकिलाने बाबांचा कागद मोठ्याने वाचला. भावाच्या अंत्यविधीच्या प्रवासासाठी मी एकही शिलिंग दिला नाही. बरोबर?

"बरोबर," बाबा म्हणाले. "पण पुढे कारण लिहा. नव्हते म्हणून दिले नाहीत. नाहीतर वाचणारा म्हणेल, असून दिले नाहीत."

टाइप करणाऱ्या बाईने ती ओळ वाढवली. चांझू जमिनीकडे बघत होता. बाबांनी अंगठा उठवला, रुमालाने शाई पुसली, आणि आमच्याबरोबर मटाटूत न बसता पायी निघाले. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, पण मनात म्हटलं, गाडी उभी राहिली की सगळं वसूल होईल.

कंपनीचं दुसरं पत्र चार ओळींचं होतं. त्याच माणसांचे आता दोन जबाब आहेत. त्यांतला एक खोटा असलाच पाहिजे. खोटी माहिती दिल्यास विमा रद्द, हे कलम अमुक. फाइल बंद.

मी ओटियातोला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. "फुंडी, तुमची माणसं आधी जास्त बोलली आणि मग खरं बोलली," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला सही करून." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मी फोन ठेवला आणि हातोडा शेडच्या भिंतीवर फेकला. उसाचा ट्रॅक्टर हंगामभर त्याच रस्त्यावर फिरत होता, तसाच, दिव्याशिवाय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या वर्षी डोळ्यांनी पाहिली.

डिसेंबरातल्या एका सोमवारी दुपारी किसिया मास्तर मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून एकटेच गॅरेजला आले. मी त्यांना धरून उतरवलं. बाकावर बसून त्यांनी बराच वेळ दम खाल्ला, मग कोपऱ्यातल्या प्रोबॉक्सकडे बोट केलं.

"सुटी करून विकली तर किती येतील?"

"इंजिन चांगलं आहे. एक लाख चाळीस, दीडही येतील. पण मास्तर..."

"आज काप."

"सिस्टरला माहीत आहे?"

"कागद तिने माझ्याच नावावर केलेत." ते थांबले. "ती म्बालेला गेलीय. तिच्या नावावरचा चहाच्या मळ्याचा तुकडा विकायला. आज सौदा ठरणार, उद्या तुझ्याकडे पार्टचे पैसे घेऊन येणार. मी गेल्यावर तिला त्या चहावरच जगायचंय, लिडोंडे. दुसरं काय आहे तिच्याजवळ? गाडी जागेवर नसली तर सौदा मोडेल ती."

"गाडी झाली तर तुम्ही..."

"किती? वर्ष? दीड वर्ष? शुक्रवारी आम्हाला कंडक्टरने रस्त्यात उतरवलं. ती गटाराच्या कडेला माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्रेसष्ट वर्षांची बाई. लोक बघत होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या मंगळवार. मी जाणार नाही. पण ही गाडी तुझ्या आवारात उभी आहे तोवर ती मला नेतच राहणार."

मी नाही म्हणू शकलो असतो. उद्या बघू, गॅस संपलाय, काहीही सांगता आलं असतं. सिस्टरला फोन करता आला असता. मी केला नाही. मास्तरांनी मलाही शिकवलं होतं, आणि त्यांनी सांगितलेलं टाळायची मला कधी सवयच झाली नाही. आणि हेही सांगतो, त्या इंजिनाला माझ्याकडे गिऱ्हाईक होतं.

मी गॅस कटर पेटवला. मास्तर जायला तयार नव्हते. परत जोडता येणार नाही इतकं कापेपर्यंत त्यांना थांबायचं होतं. मी डावा पिलर खालून तोडला, मग छत. माझ्या बायकोने त्यांना चहा आणून दिला. किडनीच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. तीन वर्षं मास्तर चहाचे दोन घोट घेऊन कप ठेवून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी कप संपवला आणि अजून आहे का, म्हणून विचारलं. दुसरा कप साखर घालून, सावकाश, शेवटपर्यंत प्यायले.

मंगळवारी सकाळी सिस्टर आली. पर्स छातीशी धरलेली. "फुंडी, पार्ट मागव," ती दारातूनच म्हणाली. "इसार मिळालाय. दरवाजा नवाच आण." मग तिला कोपरा दिसला. इंजिन शेडमध्ये काढून ठेवलं होतं, छत भिंतीला लावलं होतं. तिने पर्स उघडली, परत बंद केली आणि घराकडे चालायला लागली. नंतर जवळजवळ पळत गेली.

मास्तर त्यानंतर अकरा दिवस जगले. गाडीच्या पैशांतून शवपेटी आली आणि तीन गावांना जेवण झालं. चहाचा तुकडा घेणाऱ्याने इसार परत घ्यायला नकार दिला, लिहून झालंय म्हणाला, आणि त्याचं लिहिलेलं कुठेच चुकीचं नव्हतं.

माती झाल्यावर चौथ्या दिवशी सिस्टर गाडीचे राहिलेले पैसे घ्यायला आली. मी मोजून दिले. तिने न मोजता ठेवले.

"एक विचारू? त्या सोमवारी मी कुठे गेले होते, ते त्यांना माहीत होतं?"

मला तिचा प्रश्न कळला. माहीत होतं म्हटलं तर ती आयुष्यभर समजणार, की मी जमीन विकायला निघाले म्हणून त्यांनी जीव सोडला.

"नाही, सिस्टर," मी म्हणालो. "काही बोलले नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं. सर्व्हेअर बघतो तसं नाही, नुसतंच, बराच वेळ. मग छत्री उचलली आणि निघून गेली. तिला खरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही.